रेनो संलक्षण

रेनो संलक्षण (रेनॉड सिंड्रोम या नावानेही परिचित) ही हातापायांच्या बोटांतील लहान रक्तवाहिन्या थंडीमुळे किंवा मानसिक ताणामुळे प्रमाणाबाहेर आकुंचन पावण्याची अवस्था आहे. आकुंचनामुळे बोटांचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो आणि बोटे गार, फिकट व बधिर होतात. सर्वसाधारण लोकसंख्येत या अवस्थेचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के मानले जाते. स्त्रियांत आणि थंड हवेच्या प्रदेशांत ते अधिक आढळते.

या अवस्थेचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार आहेत. प्राथमिक प्रकारामागे अन्य कोणताही रोग नसतो. तो त्रासदायक असला तरी सहसा निरुपद्रवी असतो. दुय्यम प्रकार मात्र दुसऱ्या रोगाचा, औषधाचा किंवा व्यवसायाचा परिणाम असतो आणि त्यात बोटांना कायमची इजा होऊ शकते. बहुसंख्य रुग्ण पहिल्या प्रकारात मोडतात.

इतिहास

मोरिस रेनो (१८३४–१८८१) या फ्रेंच वैद्यकाने १८६२ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात या अवस्थेचे वर्णन केले. मज्जासंस्थेच्या अतिक्रियाशीलतेमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असे त्याचे मत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन याने हा एकच रोग नसून अनेक कारणांनी घडणारा आविष्कार असल्याचे दाखवून दिले. १९२९ मध्ये टॉमस लुईस याने दोष मज्जासंस्थेत नसून बोटांतील रक्तवाहिन्यांतच असल्याचे प्रतिपादन केले. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे एडगर ॲलन व जॉर्ज ब्राउन यांनी प्राथमिक प्रकार ओळखण्याचे निकष मांडले.

कार्यकारणभाव

बोटे, तळवे आणि नखांखालचा भाग येथील रक्तवाहिन्यांचे एक महत्त्वाचे काम शरीराचे तापमान राखणे हे आहे. थंडीत अनुकंपी मज्जातंतूंच्या प्रभावाखाली या वाहिन्या आकुंचन पावतात व शरीराच्या गाभ्यातील उष्णता टिकून राहते. ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे. रेनो संलक्षणात तिची तीव्रता वाढलेली असते. त्वचा थंड झाली की रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींवरील अल्फा-२सी हे ग्राही अधिक सक्रिय होतात आणि नॉरॲड्रेनॅलिनचा परिणाम वाढतो. दुय्यम प्रकारात याखेरीज रक्तवाहिन्यांचे आतले अस्तरही बिघडलेले असते, त्यामुळे त्यांचा मार्ग अरुंद होतो.

केवळ हात थंड झाल्यानेच झटका येतो असे नाही. संपूर्ण शरीराचे तापमान किंचित उतरले तरी, किंवा भीती व तणाव यांमुळेही तो येऊ शकतो. म्हणूनच केवळ हातमोजे घालून हा त्रास पुरेसा आटोक्यात येत नाही.

लक्षणे

झटका बहुधा एखाद्या बोटापासून सुरू होऊन इतर बोटांत पसरतो. त्वचेचा रंग सामान्यतः तीन टप्प्यांत बदलतो : रक्तपुरवठा थांबल्याने पांढरा, साकळलेल्या रक्तातील प्राणवायू कमी झाल्याने निळा आणि रक्त परत वाहू लागल्यावर लाल. प्रत्येक रुग्णात तिन्ही टप्पे दिसतातच असे नाही. पांढऱ्या भागाची कड स्पष्ट असते. बधिरता प्रथम येते. ऊब मिळाल्यावर मुंग्या, ठणका व जळजळ जाणवते. झटका काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो. प्राथमिक प्रकारात अंगठा बहुधा बाधित होत नाही. नाक, कान, जीभ व स्तनाग्रे येथेही त्रास होऊ शकतो. स्तन्यपान देणाऱ्या मातांमध्ये स्तनाग्रांच्या वेदनांचे हे एक कारण असते.

सावळ्या किंवा गडद त्वचेवर हा रंगबदल सहज लक्षात येत नाही. अशा वेळी तळहाताकडील बाजू आणि नखांखालचा भाग पाहणे उपयुक्त ठरते. झटक्याच्या वेळी काढलेले छायाचित्रही वैद्यकास निदानासाठी साहाय्यक होते.

दुय्यम प्रकाराची कारणे

संयोजी ऊतींचे रोग : त्वचा कठीण करणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस (स्क्लेरोडर्मा) हा यांतील प्रमुख होय. त्याच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत रेनो संलक्षण आढळते व अनेकदा इतर लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी प्रकट होते. ल्यूपस व शोग्रेन संलक्षणातही ते आढळते.

औषधे : बीटा-रोधक, अर्धशिशीवरील अर्गोटामिन, चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे आणि कर्करोगावरील ब्लिओमायसिन व सिसप्लॅटिन.

व्यवसाय : कंप पावणाऱ्या यंत्रांचा दीर्घकाळ वापर. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडक घडवणाऱ्या पाथरवटांची पाहणी करून १९१८ मध्ये हा संबंध मांडला. दगडखाणी, खाणकाम, करवतीने लाकूड कापणे व यांत्रिक घासकाम या व्यवसायांत हा धोका संभवतो.

साधर्म्य असलेल्या अवस्था

हात-पाय सतत गार राहणे हे रेनो संलक्षणाचे निश्चित लक्षण नव्हे. रक्तक्षय, अवटु ग्रंथीची मंदावलेली क्रिया व शरीराचे कमी वजन यांमुळेही तसे होते. हात वेदनेविना कायम निळसर राहत असतील, तर ती ॲक्रोसायनोसिस ही वेगळी अवस्था असू शकते. थंडीनंतर बोटांवर खाज सुटणाऱ्या लालसर गाठी येणे म्हणजे चिलब्लेन. बर्गर रोगात हातापायांच्या धमन्याच बंद होतात. तो तंबाखू सेवनाशी निगडित असून भारतात बिडी ओढणाऱ्यांत आढळतो.

निदान

निदान प्रामुख्याने रुग्णाने सांगितलेल्या वर्णनावरून होते. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून झटका आणण्याची गरज नसते. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या कॅपिलरोस्कोपीद्वारे तपासल्या जातात. त्या रुंदावलेल्या किंवा विरळ झालेल्या असल्यास संयोजी ऊतींच्या रोगाची शंका येते. रक्तात केंद्रकविरोधी प्रतिपिंडे (एएनए) आहेत का, हेही पाहिले जाते. प्राथमिक प्रकार बहुधा १५ ते ३० या वयात सुरू होतो व दोन्ही हातांना सारखाच बाधतो. तिशीनंतर झालेली सुरुवात, एकाच हातातील त्रास, तीव्र वेदना किंवा बोटांवरील जखमा ही लक्षणे दुय्यम प्रकाराकडे निर्देश करतात.

प्रतिबंध व दैनंदिन काळजी

संपूर्ण शरीर उबदार राखणे हा प्रतिबंधाचा पाया आहे. एका जाड कपड्याऐवजी कपड्यांचे अनेक थर, कानटोपी व सैलसर पायमोजे उपयोगी पडतात. बोटे एकत्र ठेवणारे हातमोजे सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अधिक ऊब देतात आणि ते हात गार होण्यापूर्वीच घालणे इष्ट असते. उष्ण हवामानातही वातानुकूलित खोली, फ्रिजमधील वस्तू हाताळणे व थंड पाण्यात भांडी घासणे ही झटक्याची निमित्ते ठरतात.

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे धूम्रपान थांबवणे आवश्यक असते. हीच बाब चघळण्याच्या तंबाखूस आणि मिशरीसही लागू आहे. एखादे औषध कारणीभूत वाटल्यास ते परस्पर बंद न करता वैद्यकाशी चर्चा करून बदलले जाते.

झटका आल्यास उबदार जागी जाणे, हात काखेत धरणे, कोमट पाण्यात बुडवणे किंवा बाहू गोलाकार फिरवणे यांनी आराम पडतो. बधिर बोटांना उष्णतेची तीव्रता कळत नसल्याने कढत पाणी किंवा शेगडीची धग यांमुळे भाजण्याचा धोका असतो.

औषधोपचार

काळजी घेऊनही त्रास कमी न झाल्यास निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन ही कॅल्शियम मार्ग रोधक औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घोट्यांना सूज व रक्तदाब उतरणे हे त्यांचे दुष्परिणाम होत. गंभीर दुय्यम प्रकारात सिल्डेनाफिल किंवा शिरेतून इलोप्रोस्ट देतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये बोटांवर नवे व्रण होऊ नयेत म्हणून बोसेंटन वापरतात. क्वचित अनुकंपी मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिचा परिणाम कायम टिकेलच असे नाही.

गुंतागुंत व रोगाची वाटचाल

प्राथमिक प्रकारात बोटांना कायमची इजा होत नाही आणि काही रुग्णांत त्रास कालांतराने कमी होतो. केशवाहिन्या व प्रतिपिंडांची तपासणी सामान्य आल्यास पुढे संयोजी ऊतींचा रोग उद्भवण्याची शक्यता अल्प असते. दुय्यम प्रकारात व्रण, जंतुसंसर्ग व क्वचित कोथ होऊन बोटाचा भाग गमवावा लागतो. ऊब देऊनही बोट पांढरे किंवा निळे राहणे, काळे पडणे किंवा एकच हात वा पाय अचानक गार पडून दुखू लागणे या स्थितीत तातडीने वैद्यकीय उपचारांची आवश्यकता असते.