रोगरचं कूळ

शिरूर अनंतपाळच्या शिवारात करडईवर काळा मावा चढला, की डायमिथोएट या कीटकनाशकाची बाटली घरात येते. बरेच शेतकरी तिला ‘रोगर’ म्हणूनच ओळखतात. झाकण उघडताच येणारा उग्र दर्प त्यातल्या गंधकाचा. हे गंधक येतं फॉस्फरस पेंटासल्फाइड या पिवळसर घन पदार्थातून.

फॉस्फरस 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला मूत्र आटवताना सापडला. वितळवलेला फॉस्फरस आणि गंधक यांचा 300 अंशांच्या वर संयोग केला, की पेंटासल्फाइड तयार होतं. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकन सायनामिड कंपनीने यापासून आधी मॅलॅथिऑन हे कीटकनाशक आणि मग डायमिथोएट बनवलं. इंजिनाच्या तेलातली झीजरोधक रसायनंही याच कुळातली. महाराष्ट्रात 1941 साली सुरू झालेली एक्सेल इंडस्ट्रीज पेंटासल्फाइड बनवते.

कारखान्यात पेंटासल्फाइडला ओल लागू देत नाहीत. पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि धोका कळेनासा होतो. आग लागल्यास पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

बाटलीतल्या औषधाची गोष्ट वेगळी, ते पाण्यातच मिसळायचं असतं. पण त्याच्या रेणूत फॉस्फरसला चिकटलेलं गंधक शरीरात शिरल्यावर निघून जातं, त्या जागी ऑक्सिजन येतो आणि खरं विष तयार होतं. ते नसांचं काम आवरणारं एन्झाइम बंद पाडतं. माव्याचा जीव असाच जातो आणि माणसाच्या अंगातही हेच घडतं. या बदलाला वेळ लागतो, म्हणून दिवसभर फवारून ठणठणीत घरी आलेल्या माणसाला रात्री मळमळ सुटते, घाम येतो, लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते.

‘मला काही होत नाही’ हा शेतातला अनुभव त्यामुळे भरवशाचा नाही. हे औषध कातडीतूनही आत जातं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नये. घरी येताच साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. त्रास जाणवला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि बाटलीचं लेबल सोबत न्यावं. कोणतं विष आहे हे कळलं, की डॉक्टर अ‍ॅट्रोपिन वेळेत सुरू करू शकतात.