एकट्याने श्रीलंकेला जावे ते रंबुतानच्या हंगामात

श्रीलंकेला कधी जावे, असे कोणत्याही पर्यटन कंपनीला विचारले, तर उत्तर ठरलेले असते : डिसेंबर ते मार्च. त्या दिवसांत कोलंबोपासून गॉलपर्यंतचा समुद्र शांत असतो, आकाश निरभ्र असते आणि हॉटेले भरलेली असतात. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते किनारा पाहून दिलेले आहे, बाजार पाहून नव्हे. या बेटावरची रंबुतान, मँगोस्टीन आणि ड्यूरिअन ही फळांची त्रयी मुख्यतः जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडत असताना पिकते. पर्यटकांचा हंगाम आणि फळांचा हंगाम असे एकमेकांकडे पाठ फिरवून बसले आहेत. कुटुंबकबिला आणि शाळेच्या सुट्ट्या सांभाळून निघणाऱ्यांना यात निवडीला फारसा वाव नसतो. एकट्या प्रवाशाला तो असतो. सरीमुळे दोन तास एखाद्या चहाच्या दुकानात अडकून पडावे लागले, तरी त्याच्यावर रुसणारे कोणी नसते.

या बेटाला पावसाळे दोन आहेत, ही गोष्ट नकाशासोबत ध्यानात ठेवली की बाकीचे नियोजन सोपे होते. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडचा पाऊस त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि उत्तरेकडच्या मैदानी भागावर येतो. म्हणजे एका बाजूला छत्री उघडलेली असताना दुसऱ्या बाजूला बहुधा ऊन असते. जुलै-ऑगस्टमध्ये निघालेला प्रवासी पश्चिमेकडे फळे खात, मध्ये डोंगर ओलांडत पूर्वेच्या कोरड्या किनाऱ्यावर उतरू शकतो. दहा-बारा दिवसांत हे बेताने जमते.

पेठेतून सुरुवात

कोलंबोच्या किल्ल्याला लागून ‘पेटा’ नावाचा जुना बाजार आहे. तमिळ ‘पेट्टै’वरून आलेले हे नाव आपल्या ‘पेठे’चेच भावंड आहे. मराठी माणसाला येथे फळांची नावे ऐकताना वारंवार चाहूल लागते ती या नात्याची. सिंहलीत आंब्याला ‘अंब’ म्हणतात, बेलाला ‘बेलि’, आणि आंबट केळ्याची जात ‘अंबुल’ या नावाने ओळखली जाते. पेरूला तेथे ‘पेर’ म्हणतात. पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडेही ठेवला आणि तिकडेही. अननस ‘अन्नासि’ होतो. किंमत विचारायला ‘कीयद?’ एवढा एक शब्द पुरतो. उत्तर बोटांवर किंवा गणकयंत्रावर मिळते.

एकट्याने फिरणाऱ्याची पहिली सोय म्हणजे केळी. जवळजवळ प्रत्येक किराणा दुकानासमोर घड टांगलेले असतात आणि एक केळे मागितले तरी कोणी तोंड वाकडे करीत नाही. दुसरी सोय ‘तंबिली’ची. नारिंगी सालीचे हे शहाळे श्रीलंकेची खास ओळख आहे. विक्रेता समोर कोयत्याने तोंड उडवून देतो, त्यामुळे पाण्याच्या शुद्धतेची काळजी उरत नाही. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

रंबुतानसाठी कोलंबोपासून तासाभराच्या अंतरावर, केलनी नदीकाठच्या मालवाना या गावाचे नाव घेतले जाते. हंगामात कोलंबो-कँडी रस्त्याच्या कडेलाही लाल जुडग्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. मलय भाषेत ‘रंबुत’ म्हणजे केस. फळाच्या अंगावरचे मऊ केस पाहिले की नाव पटते. ते लिचीच्या कुळातले आहे. सालीला नखाने चीर देऊन पिळले की पांढरा गर बाहेर येतो. बी टाकून द्यावी. चांगल्या फळाचा गर बीपासून सहज सुटतो, आणि मालवान्याच्या फळाची ख्याती त्यासाठीच आहे. फळे बहुधा नगावर विकली जातात, त्यामुळे दहा-बारा घेऊन चालू लागता येते.

मँगोस्टीनसाठी किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, कालुतराकडे जावे लागते. कोलंबोहून निघणारी गाडी समुद्राला इतकी बिलगून धावते की पावसाळ्यात लाटांचे तुषार खिडकीपर्यंत येतात. तिकीट अगदी स्वस्त असते आणि हे दृश्य त्यातच मिळते. मँगोस्टीन कोकणातल्या कोकमाचे सख्खे नातलग आहे. दोन्ही ‘गार्सिनिया’ या एकाच प्रजातीतले. कोकमाप्रमाणेच त्याच्या सालीचा डाग कपड्यावरून जात नाही. फळ घेताना अंगठ्याने दाबून पाहावे. साल किंचित दबली तर फळ ताजे, दगडासारखी लागली तर जुने. तळाशी फुलासारखी एक खूण असते; तिच्या पाकळ्या मोजल्या की आत किती फोडी आहेत ते न फोडता कळते. पाकळ्या जितक्या जास्त, तितक्या फोडी लहान आणि बियाही कमी. चव आंबटगोड, पण शब्दांत पकडायला अवघड. याच कुळातले तिसरे भावंड ‘गोरका’ तेथल्या ‘अंबुल तियल’ या माशाच्या प्रकारात पडते. मालवणी स्वयंपाकात आमसूल जे काम करते, तेच ते तेथे करते.

एकट्याने फणस कसा खावा?

ड्यूरिअन आणि फणस ही मात्र सोबतीने खाण्याची फळे. अख्खे ड्यूरिअन एका माणसाला झेपत नाही आणि त्याच्या वासामुळे ते खोलीवर नेण्याची सोय नसते. सिंगापूरच्या मेट्रोत ते नेण्यास बंदी आहे, यावरून वासाची कल्पना यावी. उपाय सोपा आहे. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडे फळ फोडून घ्यावे, दोन गरे खावेत आणि उरलेले शेजारी उभ्या असलेल्यांना द्यावेत. ओळख करून घेण्याचा याहून स्वस्त मार्ग त्या बेटावर नसावा.

फणसाचे स्थान वेगळे. सिंहलीत त्याला ‘कोस’ म्हणतात, आणि झाडाला ‘बत् गस’, म्हणजे भाताचे झाड. तांदूळ महाग झाला की पोट भरणारे झाड ते हेच. इंग्रजी अमदानीत आर्थर डायस या पानदुऱ्याच्या गृहस्थांनी फणसाची झाडे लावण्याची देशव्यापी मोहीम हाती घेतली. लोक त्यांना ‘कोस मामा’ म्हणू लागले; मामा हा शब्द तेथेही मामाच. २०२२ च्या आर्थिक संकटात इंधन आणि धान्य दोन्ही दुर्मीळ झाले, तेव्हा परसातल्या फणसाची किंमत नव्या पिढीलाही कळली. कोवळ्या फणसाची ‘पोलोस’ ही नारळाच्या दुधातली भाजी बहुतेक साध्या भोजनालयांत एका थाळीपुरती मिळते. एकट्याने फणस खाण्याचा तोच शहाणा प्रकार. पिकलेला घ्यायचा झाल्यास एक फसगत टाळावी : कोकणात ‘बरका’ म्हणजे लिबलिबीत गऱ्यांचा फणस, तर सिंहलीतला ‘वरका’ मात्र घट्ट गऱ्यांचा, आपल्या काप्यासारखा.

कँडीपासून सहा किलोमीटरवर पेरादेनिया येथे महावेली नदीच्या वळणात १८२१ मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. १४७ एकरांच्या या बागेत एकटा माणूस सहज अर्धा दिवस घालवतो. उंच ताडांच्या रांगा, प्रचंड पसरलेला जावा वड, दुपारीही झाडांना लोंबकळून कलकलाट करणारी वटवाघळे आणि पंचम जॉर्ज यांनी राजे होण्यापूर्वी, १९०१ मध्ये लावलेला कैलासपती हे सारे पाहून घ्यावे. बाजारात पाहिलेली फळे झाडावर कशी लागतात, ते येथे कळते.

बोगद्यापलीकडचे ऊन

कँडी ते एल्ला हा रेल्वेप्रवास जगातील देखण्या प्रवासांत गणला जातो, आणि तो गौरव अतिशयोक्त नाही. गाडी चहाच्या मळ्यांतून चढत १,८९८ मीटर उंचीवरील पट्टिपोला या देशातील सर्वोच्च स्थानकावर पोहोचते. तेथून ओहियाच्या दिशेने एक बोगदा लागतो. बोगद्याच्या अलीकडे धुके आणि पाऊस, पलीकडे उवा प्रांताचे कोरडे ऊन, असा अनुभव पावसाळ्यात अनेकदा येतो. उवाच्या चहाला याच दिवसांतल्या कोरड्या वाऱ्याने विशेष सुगंध येतो. पुढे एल्लाजवळ १९२१ मध्ये उभारलेला नऊ कमानींचा पूल आहे. तो पोलादाशिवाय, दगड, विटा आणि सिमेंट यांवर उभा आहे.

या मार्गाविषयी दोन गोष्टी निघण्यापूर्वी माहीत हव्यात. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘दितवा’ चक्रीवादळात श्रीलंकेत शेकडो बळी गेले आणि डोंगरी रेल्वेमार्गावर दरडी कोसळून मोठी हानी झाली. त्यामुळे गाडी कोठपर्यंत धावते, याची रेल्वेकडे चौकशी करूनच आरक्षण करावे. खंड असेल तेथे बस हा पर्याय असतो. दुसरी गोष्ट दरवाजाची. धावत्या गाडीच्या दारातून बाहेर झुकून छायाचित्र काढण्याची टूम निघाली आहे आणि त्यापायी पर्यटकांचे जीव गेले आहेत. एकट्या माणसाला मागे ओढायला कोणी नसते.

एल्लाहून बसने पूर्वेला उतरले की काही तासांत अरुगम बे लागते. तेथे मे ते सप्टेंबर हा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा हंगाम. पोहायचे असेल तर उत्तरेकडचे पासिकुडा आणि त्रिंकोमालीजवळचे उथळ किनारे बरे. याच महिन्यांत पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. तेथे लाल बावटा नसला तरी एकट्याने पाण्यात उतरू नये. कोरड्या भागात फळेही बदलतात. ‘दिवुल’ म्हणजे आपले कवठ. त्याचा गर नारळाच्या दुधात आणि गुळात कालवून पितात. जाफन्याचा कर्तकोलंबन आंबा उत्तम असल्याचे तेथील मंडळी छातीठोकपणे सांगतात. रत्नागिरीकरांनी वाद घालू नये, चाखून पाहावा.

जाण्यापूर्वी

मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने सुमारे अडीच तास लागतात आणि घड्याळ बदलावे लागत नाही. भारतीयांना प्रवासाची परवानगी ऑनलाइन घेता येते. तिचे शुल्क आणि सवलती गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलल्याने सरकारी संकेतस्थळच पाहावे, मध्यस्थांची नको. प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद राहते आणि गाड्यांना गर्दी होते. जूनच्या पोसोन पौर्णिमेला अनुराधपुरात राहायला जागा मिळणे कठीण. देवळांत खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

एकट्या स्त्रियांना दिवसा फिरणे सुकर जाते. मात्र खच्चून भरलेल्या बसमध्ये छेडछाडीच्या तक्रारी असतात. आरक्षित रेल्वेडबा किंवा मोबाइलवरून बोलावलेली रिक्षा हा त्यावरचा उपाय, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचलेले बरे. पर्यटकांसाठी मदतीचा क्रमांक १९१२ आहे. रुग्णवाहिकेसाठी १९९० फिरवावा. ही मोफत सेवा २०१६ मध्ये भारताच्या अर्थसाहाय्याने सुरू झाली. सिंहराजा अरण्यात पावसाळी दिवसांत जळवा असतात. लांब मोजे न्यावेत.

कापून ठेवलेली फळे टाळावीत. सालीसकट घ्यावीत, स्वतः सोलावीत. तिखटमीठ लावून विकले जाणारे अंबाड्याचे आणि कैरीचे ‘अच्चारु’ जिभेला कितीही खुणावत असले, तरी पहिल्या दोन दिवसांत पोटाची परीक्षा घेऊ नये. परतताना ताजी फळे सामानात भरण्याचा मोह होतो. वनस्पती संसर्गरोधाच्या नियमांमुळे ती विमानतळावर अडवली जाऊ शकतात, आणि मँगोस्टीन तसेही फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी भेरली माडाच्या रसापासून केलेला कितुलचा काकवीसारखा पाक बाटलीत मिळतो. तो नीट बांधून मुख्य सामानात ठेवावा आणि घरच्या दह्यावर ओतून खावा. दक्षिण श्रीलंकेत तो मडक्यातल्या म्हशीच्या दह्यावर ओततात.