घरच्या सर्व्हरमधील हार्ड डिस्क आणि रेड: मांडणी, मर्यादा आणि निगा

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी गेल्या काही वर्षांत एक छोटा सर्व्हर दिसू लागला आहे. कधी तो दोन किंवा चार खणांची तयार पेटी असतो, तर कधी कार्यालयातून निवृत्त झालेल्या संगणकात घरीच बसवलेली डिस्कांची उतरंड. मुलांची छायाचित्रे, आईवडिलांच्या जुन्या व्हीएचएस फितींवरून उतरवलेले लग्नाचे चित्रण, सातबाऱ्याच्या व खरेदीखताच्या स्कॅन प्रती, करविवरणे असे सारे त्यात साठत जाते. यातील बऱ्याच गोष्टींची मूळ प्रत आता कुठेच उरलेली नसते. त्यामुळे या पेटीतील डिस्का कशा मांडल्या आहेत, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

अनेक डिस्का एकत्र जोडून त्यांचा एकच संच करण्याच्या पद्धतीस रेड म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या शोधनिबंधातून ही संज्ञा रूढ झाली. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्केऐवजी स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा आणि त्यांतील एखादी बिघडेल हे गृहीत धरूनच रचना करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. नावातील ‘आय’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता. पुढे उद्योगाने तो ‘स्वतंत्र’ असा करून घेतला. डिस्का विकणाऱ्यांना पहिला अर्थ फारसा रुचला नसावा.

रेड १ मध्ये दोन डिस्कांवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. रेड ० मध्ये माहितीचे तुकडे करून ते दोन्हींवर वाटले जातात. त्यामुळे वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सारेच जाते. घरच्या साठवणीत त्याला स्थान नाही. रेड ५ चे तत्त्व शाळेतल्या बेरजेने समजते. एका डिस्कवर ७ आहे, दुसरीवर ५, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहिली आहे. दुसरी डिस्क नाहीशी झाली, तरी १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची ‘एक्सऑर’ ही क्रिया वापरतात आणि ही ‘बेरीज’, म्हणजेच पॅरिटी, सर्व डिस्कांवर आळीपाळीने ठेवली जाते. रेड ६ मध्ये अशा दोन स्वतंत्र पॅरिटी असतात, म्हणून कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी माहिती टिकते. रेड १० म्हणजे आरशासारख्या जोड्या आणि त्या जोड्यांवर वाटलेली माहिती.

समजा, प्रत्येकी ८ टेराबाइटच्या चार डिस्का आहेत. रेड ५ मध्ये वापरण्यासाठी २४ टेराबाइट मिळतात. रेड ६ किंवा रेड १० मध्ये १६. (उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि बऱ्याच संगणक प्रणाली द्विमान पद्धतीने. म्हणून ८ ची डिस्क पडद्यावर ७.२८ दिसते. काहीही चोरीला गेलेले नसते.) हे ८ टेराबाइट वाचवण्याच्या मोहापायीच बहुतेक जण रेड ५ निवडतात. त्याची खरी किंमत डिस्क बिघडते त्या दिवशी कळते.

पुनर्बांधणीचे तास

एक डिस्क गेल्यावर तिच्या जागी नवी बसवली की संच उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून चौथीवरची माहिती नव्याने घडवतो. सरासरी १५० मेगाबाइट प्रतिसेकंद वेग धरला, तरी ८ टेराबाइट लिहायला सुमारे पंधरा तास लागतात. सर्व्हर त्या वेळी इतर कामातही असेल, तर दीड-दोन दिवस सहज जातात. या काळात रेड ५ ला कोणतेही संरक्षण नसते. त्यातच चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच उत्पादनखेपेतून घेतलेल्या असतील, तर त्यांचे आयुष्यही सारखेच झिजलेले असते आणि नेमका याच वेळी त्यांच्यावर सर्वांत जास्त ताण पडतो. खरेदी दोन दुकानांतून किंवा काही आठवड्यांच्या अंतराने करावी, या सल्ल्यामागचे कारण हेच.

आणखी एक आकडा नेहमी पुढे केला जातो. घरगुती वापराच्या अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतके बिट वाचल्यावर जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक होऊ शकते, असे लिहिलेले असते. म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक. वरील उदाहरणात पुनर्बांधणीसाठी २४ टेराबाइट वाचावे लागतात, तेव्हा या हिशेबाने ती जवळजवळ दर वेळी फसायला हवी. तसे होत नाही. हा आकडा हमीची कमाल मर्यादा सांगतो, सरासरी नव्हे, आणि चांगल्या स्थितीतील डिस्का त्याहून पुष्कळ सरस वागतात. तरीही मोठ्या डिस्कांसाठी रेड ५ वर्ज्य मानण्याकडे अनुभवी मंडळींचा कल आहे, आणि तो योग्यच आहे. चार डिस्का असतील, तर रेड ६ किंवा रेड १० घ्यावा. रेड १० ची पुनर्बांधणी जलद होते, कारण एकाच जोडीदाराची नक्कल करायची असते. पण दुसरी बिघडलेली डिस्क नेमकी तो जोडीदार असण्याची शक्यता तीनात एक इतकी असते. रेड ६ मध्ये हा जुगार नाही. दोनच डिस्का असतील, तर रेड १ पुरेसा आहे आणि बहुतेक कुटुंबांना त्याहून अधिक काही लागत नाही.

डिस्क निवडताना

क्षमतेइतकेच महत्त्व लिहिण्याच्या पद्धतीला आहे. काही डिस्कांवर माहितीचे पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर किंचित चढवून लिहिले जातात. या पद्धतीस एसएमआर म्हणतात. त्यामुळे जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा झाला की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि सलग लेखनात डिस्क कमालीची मंदावते. पुनर्बांधणी म्हणजे तर सलग लेखनच. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्का याच प्रकारच्या असल्याचे उघड झाले आणि ग्राहकांनी मोठा गदारोळ केला. (देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, या मालिकेचे नाव लाल रंगावरून आले आहे.) त्यानंतर कंपनीने जुन्या, सीएमआर पद्धतीच्या डिस्का ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. खरेदीपूर्वी नेमक्या मॉडेल क्रमांकापुढे ‘सीएमआर’ लिहिलेले आहे ना, एवढे पाहावे.

दुसरी बाब म्हणजे चूक झाल्यावर डिस्क किती वेळ झगडत राहते. साध्या संगणकाची डिस्क एखादा खराब भाग वाचण्यासाठी मिनिटभर किंवा अधिक काळ प्रयत्न करू शकते. लिनक्स मात्र साधारण ३० सेकंद वाट पाहून तिचा नाद सोडतो आणि धडधाकट डिस्क संचातून बाहेर फेकली जाते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्का सहसा ७ सेकंदांत हार मानतात आणि उरलेले काम रेडवर सोपवतात. अमेरिकेत सवलतीच्या दिवसांत बाहेरून जोडायच्या स्वस्त डिस्का घेऊन, त्यांचे कवच फोडून आतली डिस्क वापरण्याची प्रथा आहे. त्यात पैसे वाचतात; परंतु तशा काही डिस्का जुन्या पॉवर सप्लायला जोडल्यावर जाग्याच होत नाहीत. नव्या साटा मानकात ३.३ व्होल्टच्या एका पिनेला ‘बंद राहा’ असा अर्थ दिला आहे, हे त्याचे कारण. ती पिन झाकण्यासाठी बाजारात चिकटपट्टीचा तुकडा मिळतो.

नवी डिस्क लगेच कामाला लावू नये. आधी स्मार्ट प्रणालीची दीर्घ चाचणी, आणि शक्य तर ‘बॅडब्लॉक्स’ने संपूर्ण पृष्ठभाग लिहून-वाचून पाहावा. चार नमुन्यांच्या पूर्ण फेऱ्यांना ८ टेराबाइटच्या डिस्कवर चारेक दिवस लागतात, आणि या चाचणीत डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो.

प्रत्यक्ष उभारणी

रेडचे वेगळे कार्ड घ्यावे का, हा प्रश्न हमखास निघतो. घरासाठी उत्तर ‘नको’ असे आहे. कार्ड बिघडले की तशाच कार्डाचा शोध सुरू होतो. लिनक्सचा ‘एमडीएडीएम’ किंवा झेडएफएस यांत संचाची ओळख डिस्कांवरच लिहिलेली असते. त्यामुळे त्या उचलून दुसऱ्या यंत्रात बसवल्या तरी संच पुन्हा उभा राहतो. मूळ प्रणाली वेगळ्या एसएसडीवर ठेवली, तर हे आणखी सोपे होते.

या दोहोंत मोठा फरक आहे. आरशातील दोन प्रतींत तफावत आढळली, तर त्यांतील खरी कोणती हे एमडीएडीएमला ठरवता येत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज वेगळी ठेवतो, त्यामुळे चुकीची प्रत ओळखून ती दुरुस्त करतो. वीज अर्ध्या लेखनात गेली तर पॅरिटी आणि माहिती यांचा मेळ तुटण्याचा जो धोका रेड ५ ला असतो, तोही त्यात नाही. एकेक डिस्क वाढवत जाण्याची सोय त्यात पूर्वी नव्हती. ओपनझेडएफएसच्या जानेवारी २०२५ मधील २.३ आवृत्तीने ती दिली. बीटीआरएफएसचा आरसा विश्वासार्ह आहे, पण त्यातील रेड ५ व ६ पासून त्याचे स्वतःचे दस्तऐवजच दूर राहायला सांगतात.

संच बांधताना डिस्काची ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे वापरू नयेत, कारण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती बदलू शकतात. अनुक्रमांक असलेले कायमचे नाव वापरावे आणि तोच अनुक्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खणाच्या बाहेर चिकटवावा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण माहिती कायमची गमावण्यात गडबडीत उपटलेल्या चांगल्या डिस्केचाही वाटा असतो. एक डिस्क गेलेल्या रेड ५ मधून दुसरी ओढली की संच जागीच थांबतो. इथपर्यंतही सारे संपलेले नसते. ती परत लावून संच ‘असेम्बल’ करता येतो. घाबरलेला माणूस मात्र ‘क्रिएट’ची आज्ञा देतो आणि जुन्या संचाची नोंद पुसून नवा संच उभा करतो. अशा क्षणी यंत्र बंद करून चहा घ्यावा आणि मगच पुढचे ठरवावे.

निगा

बिघाडाची सूचना ई-मेलने येईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी आणि चाचणीचा संदेश खरोखर पोहोचतो का ते पाहावे. ती नसेल, तर पहिली डिस्क गेल्याचे वृत्त दुसरी जाते तेव्हाच कळते. संपूर्ण संच वाचून तपासण्याचे काम महिन्यातून एकदा आपोआप व्हावे; डेबियन एमडीएडीएमसाठी ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतोच. स्मार्टच्या नोंदींत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांकडे लक्ष ठेवावे. ते शून्यावरून हलले की नवी डिस्क मागवावी. १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. गूगलने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली वाचनचूक दिसलेल्या डिस्का पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली. त्याच अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक डिस्का कोणताही इशारा न देता गेल्या होत्या, म्हणून स्मार्ट शांत आहे यावर विसंबून राहता येत नाही.

चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस, तळघरात शिरलेले पाणी, घरफोडी यांपैकी कशापासूनही रेड वाचवत नाही. पुसलेली फाइल तो चारही डिस्कांवरून तत्परतेने पुसतो. त्यासाठी वेगळी प्रत लागते, आणि ती दुसऱ्या ठिकाणी लागते. परदेशस्थ मराठी घरांना इथे एक नैसर्गिक सोय आहे: पुण्यातले, नाशिकचे किंवा सांगलीचे आईवडिलांचे घर. पहिली मोठी प्रत इंटरनेटवरून पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. ती डिस्कवर भरून, कूटबद्ध करून, भारतभेटीत हातातल्या बॅगेतून न्यावी आणि नंतर रात्रीच्या वेळी केवळ बदललेला भाग पाठवावा. भारतातील अनेक जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो. म्हणून तिकडच्या यंत्राने वायरगार्डद्वारे इकडे संपर्क साधावा, अशी रचना सोयीची ठरते. तिथे एकच डिस्क पुरते. उन्हाळा, धूळ आणि जाणारी वीज यांचा विचार करून ती दिवाणखान्यातल्या इन्व्हर्टरवरील प्लगला जोडावी. माळ्यावर टाकू नये.

कूटबद्धतेची किल्ली हा वेगळाच विषय आहे. घरात ही यंत्रणा बहुधा एकालाच समजते. तो रुग्णालयात असेल किंवा हयात नसेल, तर उत्तम चाललेला रेड ६ सुद्धा कुटुंबाच्या दृष्टीने कुलूपबंद लोखंड ठरतो. परवलीचा शब्द आणि ‘कोणती फाइल कुठे आहे’ हे साध्या मराठीत लिहिलेले एक पान मृत्युपत्राच्या पाकिटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावे. ते वाचून जोडीदाराला एक छायाचित्र खरोखर परत काढता येते का, हे वर्षातून एकदा करून पाहावे.

विजेबाबत एक सूचना. सर्व्हरचा पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो भारतात नेता येतो. अमेरिकेतील १२० व्होल्टचा यूपीएस मात्र तिथे चालणार नाही. तो तिकडेच विकत घ्यावा.