एनडीएम-१

कार्बापेनेम या राखीव गटासह बहुतेक सर्व बीटा-लॅक्टम प्रतिजैविके निकामी करणाऱ्या जीवाणुजन्य एंझाइमाचे ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’ हे नाव एनडीएम-१ असे संक्षेपाने लिहितात. या औषधांच्या रेणूतील चार अणूंचे वलय जीवाणूची पेशीभित्ती बांधणाऱ्या प्रथिनांना जखडते. एनडीएम-१ जस्ताच्या दोन आयनांच्या साहाय्याने तेच वलय पाण्याच्या रेणूने फोडते.

पेनिसिलीन या बीटा-लॅक्टम औषधाला फोडणारे एंझाइम एब्रहॅम व चेन यांनी १९४० मध्ये, म्हणजे पेनिसिलीनचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच, ई. कोलाय या जीवाणूमध्ये नोंदवले होते. त्यामुळे औषध ही क्षमता निर्माण करते असे म्हणणे बरोबर नाही; औषधाच्या माऱ्यात ती क्षमता असलेले जीवाणू तगतात व वाढतात. ज्याच्याकडे ती नाही त्याला ती शेजाऱ्याकडून मिळू शकते. एनडीएम-१ चे जनुक बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडावर, म्हणजे स्वतंत्रपणे द्विगुणित होणाऱ्या लहान, बहुधा वर्तुळाकार डीएनएवर असते, आणि दोन पेशी जोडल्या जाऊन होणाऱ्या संयुग्मनात त्याची प्रत दुसऱ्या जातीच्या जीवाणूतही जाते. जनुकालगत आढळणारा ‘आयएसएबीए१२५’ हा जागा बदलणारा डीएनए-खंड त्याला कार्यान्वित करणारा भाग पुरवतो. त्यावरून जनुकाचा उगम ॲसिनेटोबॅक्टर प्रजातीत झाला असावा, असे मानले जाते. एकाच प्लाझ्मिडावर इतर औषधांना रोधणारी जनुकेही असल्याने एका औषधाच्या वापराने सर्वांचीच जपणूक होते.

महाराष्ट्रातील महत्त्वाची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील आहे. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी २००९ च्या उत्तरार्धातील २४ कार्बापेनेमरोधी जीवाणू तपासले व त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आढळल्याचे मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध केले. हे जीवाणू क्लेब्सिएला, ई. कोलाय, एंटरोबॅक्टर व मॉर्गनेला अशा चार प्रजातींचे होते, ही बाब या संख्येहून अधिक बोलकी आहे, कारण एकाच वाणाच्या साथीने तिचा उलगडा होत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश व ब्रिटन यांमधील संयुक्त अभ्यासात मुंबई व पुण्याचे नमुनेही होते.

नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या स्वीडनमधील रुग्णात हे एंझाइम २००८ मध्ये प्रथम आढळल्यामुळे त्याला ‘न्यू दिल्ली’ हे नाव पडले. या नावाला भारतातून आक्षेप घेण्यात आला.

अशा जीवाणूंवरील उपचारांसाठी तेव्हा प्रामुख्याने कोलिस्टिन व टिगेसायक्लिन यांवर भिस्त होती.