दूरस्थ सभा : क्रीडातत्त्व आणि आभासी वास्तव

विवेचनापूर्वी तीन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. एका विषयासाठी एकाच काळी एकत्र आलेल्या आणि परस्परांना उत्तर देऊ शकणाऱ्या व्यक्तींचा समवाय म्हणजे सभा. ज्या ऑनलाइन बैठकीत एक बोलतो आणि शेकडो माइक बंद असतात, ती या व्याख्येनुसार सभा नव्हे, प्रक्षेपण होय. क्रीडेची व्याख्या बर्नार्ड सूट्स यांनी 1978 मध्ये केली. तिचा आशय असा की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा यत्न म्हणजे खेळ. तदनुसार नियम, स्वेच्छा आणि फलाची अनिश्चितता ही क्रीडातत्त्वाची अंगे ठरतात. गुण, पदके व क्रमवारी ही केवळ मापने होत. आभासी वास्तव म्हणजे पाहणाऱ्याच्या हालचालीस प्रतिसाद देणारे कृत्रिम त्रिमित अवकाश. मेल स्लेटर यांनी 2009 मध्ये त्याचे दोन परिणाम वेगळे केले : ‘मी तेथे आहे’ हा स्थानभ्रम आणि ‘तेथे घडते ते खरे आहे’ हा घटनाभ्रम.

दूरस्थ सभेतील औदासीन्य द्विविध आहे. पहिले इंद्रियजन्य. जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची चार कारणे मांडली : अतिनिकट व अखंड नेत्रसंपर्क, स्वतःची सतत दिसणारी प्रतिमा, हालचालीस पडलेला बंध आणि संकेत देण्या-घेण्याचा वाढलेला भार. यात विलंबाची भर पडते. दहा भाषांच्या 2009 मधील तौलनिक अभ्यासात संभाषणातील दोन पाळ्यांमधील अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद आढळले. जाळ्यातील विलंब हे अंतर गिळतो, तेव्हा दोघे एकदम बोलतात, मग दोघेही थांबतात. दुसरे औदासीन्य प्रयोजनजन्य : आपण बोललो काय, न बोललो काय, फलात फरक पडत नाही, ही सभासदाची जाणीव. पहिल्यावर अवकाशरचनेचा उपाय संभवतो, दुसऱ्यावर क्रीडातत्त्वाचा. प्रयोजनहीन बैठकीस त्रिमित दालन पुरविणे हा या दोहोंच्या संकराचा नित्य आढळणारा दोष आहे.

क्रीडातत्त्वाचे महाराष्ट्रातील परिणत उदाहरण कार्यालयात नव्हे, शेतीत सापडते. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद व फुलंब्री हे तालुकेही तीत उतरले. तिच्यात ठरावीक मुदतीत श्रमदानातून जलसंधारण करावयाचे असे. 2022 मध्ये 39 तालुक्यांत याच संस्थेचा फार्मर कप आला. त्यात शेतकऱ्यांचे गट स्पर्धक झाले आणि कृषी विद्यापीठांतील शास्त्रज्ञांशी ऑनलाइन संवादासाठी ‘डिजिटल शेतीशाळा’ भरू लागल्या.

या रचनेचे मर्म असे की, खेळ सभेत नाही, शिवारात आहे. शेतीशाळेत प्रश्नमंजूषा घेतली काय, न घेतली काय, गौण आहे. अद्रकाच्या कंदकुजीविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी गटाच्या शेतात वापरावयाचे असते, म्हणून प्रश्नाला वजन येते. चूक उत्तर ऐकून गप्प बसणे गटाला परवडत नाही. अनिश्चित फल सभेबाहेर, नियम सभेच्या आधी आणि सभा हे केवळ साधन, असा हा क्रम आहे. कार्यालयीन बैठकीत तो उलटा असतो : कॅमेरा चालू ठेवल्याबद्दल गुण, आणि बैठक संपताच त्या गुणांचा अंत.

क्रीडातत्त्वाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी 1973 मध्ये दाखविले की, चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या बालकांना आधी कबूल करून बक्षीस दिल्यास पुढे त्यांची स्वयंस्फूर्त आवड घटते. अनपेक्षित बक्षिसाने तसे होत नाही. म्हणून शिक्षणप्रधान सभेत हे तत्त्व जपून योजावे आणि निर्णयप्रधान सभेत योजूच नये. बोलण्यास गुण मिळू लागले की भाषणे वाढतात आणि मत बदलणे ही हार ठरते. दुसरी मर्यादा स्वेच्छेची. वेरूळच्या 21 व 29 क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वतीचा सारीपाट कोरलेला आहे. डाव मोडून उठण्याची मुभा पार्वतीला आहे. कर्मचाऱ्याला ती नसेल, तर स्वेच्छा हे अंगच लोपते आणि उरते ते सक्तीचे मनोरंजन.

आता आभासी वास्तव. स्थानभ्रम आणि सहवास यांतील भेद अजिंठ्यावरून कळतो. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात 1, 2, 16 व 17 या लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. प्रतिकृती स्थान देते, संगत देत नाही. यावरून नियम निघतो : जेथे चर्चेचा विषयच त्रिमित आहे, तेथे हे साधन सार्थ. वाळूजच्या कारखान्यातील नव्या फिक्स्चरचा आराखडा तपासताना कामगाराचा हात बोल्टपर्यंत पोहोचतो का, हे सपाट पडद्यावर कळत नाही. हेडसेट घातल्यावर कळू शकते. उलट ताळेबंदाच्या वाचनाला अर्धा किलो वजन डोक्यावर बाळगण्याचे कारण नाही. 

ग्रामसभेचा विचार निराळा. तिच्या गणपूर्तीस मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील कमी ती संख्या लागते. तितके हेडसेट कोणी पुरविले तरी सभा सुधारणार नाही, कारण सूचना मांडणाऱ्याचा चेहरा पाहून ती तोलली जाते आणि आभासी देहाला तो चेहरा अद्याप पुरता येत नाही. अशा सभेची काही मंडळी दुरून सामील होणार असतील, तर पहिला खर्च चांगल्या माइकवर करावा, दुसरा अखंड विजेवर.