विडियाची कैफियत

पुण्यामुंबईच्या कोणत्याही लेथखात्यात जाऊन 'विडिया' कशाला म्हणतात असे विचारले, तर तेथला टर्नर पोलादी दांड्याच्या टोकाला पितळेच्या टाक्याने बसविलेली नखाएवढी करडी टिकली पुढे करील, आणि हिला धार लावायची तर ती हिरव्या चाकावरच, हेही न विचारता सांगेल; परंतु 'हिऱ्यासारखे' अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची आद्याक्षरे जोडून एसेनच्या क्रुप कारखान्याने आपल्या मालाला दिलेले हे नाव आहे, याची दाद त्याला सहसा नसते, व असण्याचे कारणही नाही.

या टिकलीत जे दोन धातू नांदतात, त्या दोहोंच्या जर्मन नावांत जुन्या खाणकऱ्यांची शिवी दडलेली आहे. चांदीच्या आशेने भट्टीत घातलेल्या ज्या खनिजातून चांदी न निघता सोमलाचा विषारी धूर तेवढा निघे, त्याच्या ठायी जर्मन खाणकऱ्यांना 'कोबोल्ड' नामक खोडसाळ भुताचा वास दिसला व त्यावरून कोबाल्ट हे नाव पडले. आणि कथिलाच्या भट्टीत शिरून कथिल फस्त करणाऱ्या दुसऱ्या खनिजाला त्यांनी लांडग्याच्या नावाने वोल्फ्राम म्हटले, ज्यातून पुढे १७८३ साली स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी टंगस्टन धातू वेगळा काढला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पॅरिसचा रसायनज्ञ आंरी म्वासाँ विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत होता. त्या खटपटीत टंगस्टन व कार्बन यांचे अत्यंत कठीण संयुग त्याच्या हाती आले खरे, पण वितळवून ओतलेले हे कार्बाइड इतके ठिसूळ निघाले की हत्यार म्हणून त्याचा उपयोग होईना. त्याचे नशीब उघडले ते बर्लिनच्या ओस्राम या विजेच्या दिव्यांच्या कंपनीत. दिव्याची टंगस्टनची तार ज्या छिद्रातून ओढून बारीक करावयाची, ते छिद्र हिऱ्यात कोरलेले असे. हिरे महाग, आणि महायुद्धाच्या काळात दुर्मिळही. पर्याय शोधता शोधता कार्ल श्रोएटर याने कार्बाइडच्या भुकटीत थोडी कोबाल्टची भुकटी मिसळली, ती दाबून हायड्रोजनच्या भट्टीत तापविली, आणि १९२३ साली पेटंटची सनद मागितली. हे हक्क पुढे क्रुपकडे गेले व १९२७ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत विडिया जगापुढे आले.

यातली किमया जवळून पाहण्याजोगी आहे. कोबाल्ट एकटा असता १,४९५ अंश सेल्सियसला वितळतो. परंतु कार्बाइडच्या संगतीत तापू लागला की तो त्याला आपल्या अंगात विरघळवून घेतो, आणि त्यामुळे १,३०० अंशांच्या थोडे पुढेच त्याचा द्रव होतो. तापल्या तव्यावर तेल पसरावे तसा हा द्रव कणाकणांवर पसरतो, बारीक कण गिळून मोठ्यांवर त्यांची पुटे चढवितो, पोकळ्या बुजवितो, आणि दाबलेला सच्छिद्र ठोकळा प्रत्येक बाजूने सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्शाने आकसून भरीव होतो. निवताना मात्र उसने घेतलेले बहुतेक सारे तो परत करतो. द्रवावस्थेत वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक कार्बाइड पोटात सामावणारा हा धातू थंडावला की अगदी थोडेच जवळ ठेवतो. उलट कार्बाइड कोबाल्टला आपल्या घरात जवळजवळ पाऊलच टाकू देत नाही. विद्राव्यतेचा हा व्यवहार असा एकतर्फी आहे म्हणूनच कणांचे काठिण्य कणांत व धातूचा चिवटपणा धातूत शाबूत राहतो. लोखंड आणि निकेल यांनाही हे काम साधते, पण कोबाल्टची सफाई त्यांत नाही.

खरी नड कार्बनची. शुद्ध कार्बाइडमध्ये तो ६.१३ टक्के असावा लागतो. त्यात किंचित तूट आली की टंगस्टन, कोबाल्ट व कार्बन मिळून ग्रीक 'ईटा' अक्षराने ओळखले जाणारे निराळेच संयुग उपजते, जे चिवट कोबाल्ट खाऊन माल ठिसूळ करते, आणि किंचित वाढ झाली की ग्राफाइटचे काळे ठिपके पडतात. मधली निर्दोष वाट एकदोन दशांश टक्क्यांहून फारशी रुंद नाही. तिचे नकाशे १९३६ साली जपानात ताकेदा यांनी आणि १९५२ साली अमेरिकेत राउताला व नॉर्टन यांनी काढले. माल मात्र त्याआधीपासून बाजारात विकला जातच होता, हे लक्षात घेतले म्हणजे भट्टीवाल्यांच्या हातगुणाचे कौतुक वाटते. तपासणीची रीत तर मोठी मौजेची: कार्बन कमी पडला की अधिक टंगस्टन कोबाल्टमध्ये मुरून राहते व त्याचे चुंबकत्व उतरते, म्हणून टिकली न फोडता नुसते चुंबकत्व मोजून तिच्या पोटातली हकीकत कळते.

व्यापाराची हकीकत इतकी स्वच्छ नाही. १९२८ साली क्रुप व अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक यांच्यात करारनामा होऊन मक्ता पक्का झाला, आणि अमेरिकेत पौंडाला सुमारे ५० डॉलर असलेला भाव ४५३ डॉलरपर्यंत चढला; या संगनमताबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९४८ साली जनरल इलेक्ट्रिकला दोषी ठरविले.

आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीस सँडविक या स्वीडिश कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि क्रुपशी काडीचा संबंध नसलेली तिची टिकली हाती घेऊन टर्नर पोऱ्याला सांगत राहिला, "अरे, ते विडिया जरा जपून, पाडलेस तर कोपरा उडेल."