कुळथाच्या दाण्यातलं रक्तगटशास्त्र

कुपवाडकरांना कुळथाचं माडगं काही नवं नाही. पण त्याच कुळथाच्या अर्कानं ए-१ गटाच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, हे १९५१ साली बर्ड यांनी नोंदवलं. अर्कातलं लेक्टिन हे प्रथिन पेशीवरची ठरावीक साखर धरतं. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट जगापुढे आणला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो. पण ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्या पेशींवर ‘एच’ची फ्यूकोज साखरच नसते. युलेक्स झुडपाच्या बियांचं लेक्टिन त्यांना चिकटत नाही, तिथंच आपण सावध होतो. आज अशी अनेक लेक्टिनं एका काचपट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी बसवून जिवंत पेशींवरच्या साखरा एकदम तपासता येतात. सुरुवात मात्र बियांपासून झाली, हे आपण विसरू नये.